आधी पाणी तापव

शहाणी माणसं गावागणिक कमी-जास्त असतात. भोळा मात्र प्रत्येक गावाला एक मिळतोच. चिंचखोप गावाच्या वाट्याला गुंडू आला होता.

गुंडू आळशी नव्हता. उलट कामाला वाघ होता. जे सांगाल ते करायचा, जसं सांगाल तसं करायचा, आणि घोटाळा तिथंच होता. एकदा आई 'दाराकडं बघ' म्हणून शेतावर गेली. ती संध्याकाळी परत आली तेव्हा गुंडू दाराकडं बघत उभा होता. मागच्या बाजूनं मांजर दूध पिऊन गेलं होतं, कुत्रं भाकरी घेऊन गेलं होतं. दार मात्र जागच्या जागी होतं.

आईनं कपाळाला हात लावला आणि त्याला आपल्या भावाकडं धाडून दिलं.

भाऊ म्हणजे रंगामामा. बाजारपेठेत त्यांचं जुनी खेळणी दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकानात सगळ्यात जास्त यायचे ते रबरी पैलवान. कोणे एके काळी शेजारच्या शहरात ते बनायचे आणि जत्रेत विकले जायचे. वीतभर उंचीचे, हातपाय हलणारे, कुणी शड्डू ठोकतोय, कुणी मिशीवर ताव देतोय. कारखाना बंद पडून जमाना झाला. आता नवा पैलवान मिळत नाही. म्हणून कुणाचं धड फाटलं की त्याची मान काढायची आणि दुसऱ्या धडावर बसवायची. मानेच्या खाली एक बोंड असतं, ते धडाच्या खाचेत जाऊन बसतं. काम नाजूक होतं. जुनं रबर म्हाताऱ्या माणसासारखं असतं, जोर केला की तुटतं.

मामांना एक मुलगी होती, मालन. मामाची मुलगी म्हणजे आमच्याकडं अर्धं लग्न जमलेलंच असतं. उरलेलं अर्धं मामांच्या हातात असतं. मालन गुंडूपेक्षा हातभर उंच. दुकानातल्या वरच्या फळीवरचा डबा तीच काढून द्यायची आणि देताना हसायची. गुंडूला दुनियेत दुसरं काही नको होतं. वरच्या फळीवर डबे असावेत आणि मालननं ते काढून द्यावेत.

मामांनी अट घातली.

"एक काम न बिघडवता करून दाखव. एकच. मग मालनचं बघू."

"करतो की," गुंडू म्हणाला.

पहिल्याच दिवशी मामांनी एक पैलवान त्याच्या हातात दिला. "ह्याची मान काढ."

गुंडूनं धड गुडघ्यात धरलं, डोकं मुठीत धरलं आणि हिसका दिला. मान निघाली. बोंड आतच राहिलं.

"अरं गाढवा!" मामा ओरडले. "जुनी मान सुकी ओढतात व्हय? आधी पाणी तापव. चांगलं कडकडीत. त्यात बुडवून ठेव. मऊ झाली की हळूहळू फिरव, मग काढ. काय?"

"आधी पाणी तापव," गुंडू म्हणाला.

"आयुष्यभर ध्यानात ठेव."

हे मामांनी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या बाई दिवाळीच्या किल्ल्यावरचा पहारेकरी घेऊन आल्या. त्याची मान जरा लचकली होती. मामा जेवायला घरी गेले होते. गुंडूनं पाणी तापवलं. चांगलं कडकडीत. पहारेकऱ्याला त्यात बुडवून ठेवलं.

मामा आले. "काढलीस मान?"

"निघाली, मामा. धडसुद्धा निघालं."

"कुठाय?"

"पाण्यात."

मामांनी भांड्यात बघितलं. तळाशी चिखल होता. वर भाल्याची काडी तरंगत होती.

"मातीचा होता रं तो! हात लावायच्या आधी कशाचा आहे ते विचारायचं!"

"विचारतो की," गुंडू म्हणाला.

पुढचं गिऱ्हाईक एक बाहुली ठेवून गेलं. मामा तालुक्याला गेले होते, ते दिवेलागणीला आले. गुंडू बाहुलीसमोर मांडी घालून बसला होता.

"काय चाललंय?"

"सकाळपासनं विचारतोय, मामा, तू कशाची. बोलतच न्हाई."

मामा ओट्यावर बसले. पाणी प्याले. मग म्हणाले, "बोलत नसेल तर टाचणी टोचून बघायची. रुतली तर रबर. न्हाई रुतली तर माती. समजलं?"

"समजलं. आधी विचारायचं. बोललं न्हाई तर टोचायचं. रुतली तर रबर. रबर असेल तर पाणी तापवायचं."

मामांना बरं वाटलं. पोरगं ओळीनं बोलायला लागलं होतं. त्यांनी मालनला सांगितलंसुद्धा, "सुधारतंय." मालन म्हणाली, "त्याच्या खिशात टाचणी कुणी दिली?" मामा म्हणाले, "मीच."

सोमवारी सकाळी दुकानात सरपंच बापूसाहेबांचे मेहुणे आले. ते दर सोमवारी मौन पाळायचे. सूर्य मावळेपर्यंत तोंडातून शब्द नाही. त्यांनी काखेतली एक जुनी पेटी फळीवर ठेवली आणि खुणेनंच मामा कुठं आहेत असं विचारलं. मामा मागच्या बाजूला रंग ढवळत होते.

"पाव्हणं, कोण म्हणायचं?" गुंडूनं विचारलं.

पाव्हण्यांनी ओठावर बोट ठेवलं.

गुंडूनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गुळगुळीत गाल, गोल पोट. त्यानं नम्रपणे दुसरा प्रश्न विचारला. "तुम्ही कशाचे?"

पाव्हणे गप्प. गुंडूनं टाचणी काढली आणि दंडाला टोचली. रुतली. पाव्हण्यांचे डोळे पांढरे झाले, पण व्रत म्हणजे व्रत. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

"रबर," गुंडू म्हणाला आणि चूल पेटवायला आत गेला.

मामांनी त्याला भांड्यासकट पकडलं. "अरं, माणूस हाय तो! सरपंचांचा मेहुणा!"

"माणूस असता तर ओरडला नसता का?"

मामांनी भांडं हिसकावून घेतलं.

पाव्हणे दंड चोळत निघून गेले. पेटी मात्र राहिली. तिच्यात जुन्या जत्रेतल्या बाहुल्यांचा अख्खा संच होता. लाल लंगोटवाले, निळ्या लंगोटवाले पैलवान, एक पोलीस, एक ढोलकीवाला, एक नऊवारीतली नाचणारीण. आणि कापसात गुंडाळून ठेवलेले थोरले आबा.

थोरले आबा म्हणजे बापूसाहेबांचे आजोबा. जत्रेतली शेवटची कुस्ती त्यांनी मारली तेव्हा कारखान्याच्या मालकानं खूश होऊन त्यांचा हुबेहूब पैलवान बनवून दिला होता. तसा दुसरा जगात नाही. पण ऊन-पावसानं आबांचं धड चिकट होऊन वितळलं होतं. डोकं शाबूत होतं. कानाची चुरगळलेली पाळी, भरघोस मिशा, डोळ्यांत जरब. दसऱ्याला तालमीत आबांची बाहुली काचेच्या कपाटात बसवायची होती. त्याला आमदार येणार होते, पेपरवाले येणार होते. बापूसाहेबांनी निरोप धाडला होता की, आबांची मान चांगल्या धडावर बसली पाहिजे, नाहीतर दुकान गावात राहणार नाही.

मामांना दसऱ्याच्या आदल्या दिवशीच खास रंग आणायला शहरात जावं लागलं. त्यांनी गुंडूला समोर बसवलं. या वेळी त्यांनी सगळं नीट सांगायचं ठरवलं होतं.

"पेटीतल्या एकेका धडावर आबांची मान लावून बघ. घट्ट बसली पाहिजे. मग हलवून बघ. हलली तर ते धड बाजूला ठेव. हलली न्हाई, म्हणजे जमलं."

"लंगोट लाल पाहिजे का निळा?"

"कसला का असेना. दिसण्यावर जाऊ नको. दिसणं फसवं असतं. बसतं कुठं ते बघ."

"दिसण्यावर जाऊ नको," गुंडू म्हणाला.

"हे एक काम धड कर, मालन तुझी," मामा म्हणाले आणि गाडी पकडायला पळाले.

गुंडूनं पाणी तापवलं. आबांना विचारलं. टाचणी टोचली. रुतली. मऊ केलं, हळू फिरवलं, मान अलगद निघाली. इतकं सुरेख काम त्या दुकानात मामांच्या हातूनही झालं नसेल. मग त्यानं बाकीच्यांच्याही माना तशाच काढल्या आणि लाल लंगोटावर आबांची मान बसवली. हलली. निळ्यावर बसवली. हलली. पोलीस, ढोलकीवाला, सगळ्यांवर हलली. आबांचं बोंड बारीक होतं आणि पैलवानांच्या खाचा रुंद. शेवटी एकच धड उरलं. त्यावर मान अशी बसली की खेचूनही हलेना.

मालन दिवा घेऊन आली तोवर गुंडूनं बाहुली लाल कापडात बांधून टाकली होती.

"जमलं?" तिनं विचारलं.

"अजिबात हलत न्हाई," गुंडू म्हणाला.

मालन हसली. तिला खरंच आनंद झाला होता. तिनं वरच्या फळीवरचा डबा काढून त्याला लाडू दिला.

दसऱ्याला तालमीत पाय ठेवायला जागा नव्हती. मामा गाडीतून उतरले ते रंगाच्या डब्यासकट तिथंच आले. बापूसाहेब फेटा बांधून उभे होते. आमदारांनी कापडाची गाठ सोडली.

आत थोरले आबा होते. त्याच मिशा, तीच जरब. गळ्याखाली मात्र जांभळी नऊवारी, एक हात कमरेवर, एक पाय उचललेला, पायात चाळ.

मागून कुणीतरी शिट्टी मारली.

मामांनी डोळे मिटले. बापूसाहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. पण बापूसाहेब काही उगीच तीनदा सरपंच झाले नव्हते. त्याच आठवड्यात बातमी आली होती की, येत्या निवडणुकीत सरपंचपद बायकांसाठी राखीव झालंय. त्यांनी बाहुलीकडं पाहिलं, पेपरवाल्यांकडं पाहिलं आणि माइक हातात घेतला.

"बंधूंनो आणि विशेषतः भगिनींनो! ह्यो आमच्या आबांचा संदेश हाय. डोस्कं पैलवानाचं, पण अंगात ताकद बाईची! स्त्रीशक्तीचा मान राखण्यासाठी मी मुद्दाम अशी मूर्ती करून घेतली. आणि म्हणूनच या वेळी तुमच्या वहिनीसाहेब उभ्या राहणार हायत!"

टाळ्यांनी पत्रे हलले. पेपरवाल्यांनी आबांचे फोटो काढले. ज्यानं शिट्टी मारली होती त्यानंही टाळ्या वाजवल्या.

बापूसाहेब आता थांबायला तयार नव्हते. "असला कारागीर गावात हाय! गुंडू, वर ये. लग्न झालं का तुझं? न्हाई? तालमीच्या मैदानात आपण सामुदायिक विवाह करतोय. त्यात गुंडूचं लग्न, रंगामामांच्या मालनशी, माझ्या खर्चानं!"

माइकवर बोललेली गोष्ट चिंचखोपमध्ये परत घेता येत नाही. मामांनी मान हलवली. ती कुठल्या बाजूला हलवली ते कुणी पाहिलं नाही.

गुंडूला त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. आत्तापर्यंत सगळे त्याच्यावर ओरडत होते. पहिल्यांदाच टाळ्या पडल्या. का पडल्या? कारण तो दिसण्यावर गेला नाही.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवात ओळीनं जोडपी होती. सगळ्या नवऱ्यांना एकसारखे फेटे, सगळ्या नवऱ्यामुलींना एकसारखे हिरवे शालू, सगळ्यांच्या कपाळाला बाशिंगं आणि तोंडावर फुलांच्या दाट माळा. कोण कुणाचं, ते आईलाही ओळखू येईना. सगळं बापूसाहेबांनी एकाच दुकानातून आणलं होतं.

"जोड्या उभ्या करायचं काम गुंडूकडं द्या," बापूसाहेब म्हणाले. "कुठं काय बसतं ते त्याला बरोबर कळतं."

"साहेब, तो स्वतः नवरा हाय," मामा म्हणाले.

"मग तर जास्त मन लावून करील."

गुंडूनं सगळ्यांना उभं केलं. मग तो आपल्या जागी आला. भटजींनी अंतरपाट धरला. पलीकडं मालन होती, उंचीवरनंच कळत होती. अंतरपाटाच्या वर तिचं बाशिंग आणि माळांनी झाकलेला अर्धा चेहरासुद्धा येत होता. इकडून गुंडूच्या फेट्याचा तुरा तेवढा वर जात होता. गुंडूनं शेजारी पाहिलं. तिथं तानाजी नावाचा ट्रॅक्टरवाला उभा होता, ताडमाड उंच. अंतरपाट त्याच्या छातीशी. पलीकडं छबू नावाची ठेंगणी नवरी, ती तर दिसतच नव्हती.

गुंडूनं पुन्हा मालनकडं पाहिलं. हे काही बसत नव्हतं. हे हलत होतं.

मालन त्याला हवी होती. लहानपणापासून हवी होती. पण का हवी होती? कारण ती दिसायला फार गोड होती. आणि दिसण्यावर जायचं नव्हतं.

गुंडूनं डोळे पुसले आणि कामाला लागला. मालनचा हात धरून त्यानं तिला तानाजीसमोर उभं केलं आणि छबूला आपल्यासमोर आणलं. फुलांच्या माळांमुळं मालनला समोरचं दिसत नव्हतं, तिला वाटलं, हा काहीतरी विधी असेल. तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या तिच्या मामानं, म्हणजे तिच्या आईच्या भावानं, विचारलं, "इकडं कुठं?" गुंडू म्हणाला, "व्यवस्था." लग्नात व्यवस्था म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. बँड वाजला, अंतरपाट सरला, हार गळ्यात पडले. मालननं माळा बाजूला केल्या आणि वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कुणाकडं वर पाहावं लागलं.

"गुंडू!" ती ओरडली.

मामा पाटावरून उठून धावत आले. "अरं, काय केलंस हे!"

"मामा, हलवून बघा," गुंडू म्हणाला. त्यानं पुन्हा डोळे पुसले, पण चेहऱ्यावर काम चोख झाल्याचं समाधानही होतं. "एकसुद्धा जोडी हलत न्हाई."

गोंधळ माजला. छबूचा बाप काठी शोधायला लागला. शेवटी बापूसाहेबच मध्ये पडले.

"काय बिघडलं न्हाई! सप्तपदी अजून व्हायचीय. हार काढा, बदला, विषय संपला. गुंडू, घे बदलून."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आता गुंडूनं फक्त गळ्यातला हार काढायचा होता आणि मालनशेजारी जाऊन उभं राहायचं होतं. एवढंच. मालननं त्याच्यासाठी जागासुद्धा केली.

गुंडूनं हाराला हात घातला आणि थबकला. मामांनी आयुष्यभर ध्यानात ठेवायला सांगितलं होतं. बसलेलं कधी सुकं ओढायचं नाही.

"आलोच," तो म्हणाला आणि आचाऱ्यांकडं पळाला.

लोकांना वाटलं, असेल काही निकड. पाच मिनिटं गेली. दहा गेली. भटजी घड्याळाकडं बघायला लागले. त्यांना पुढच्या गावचं लग्न गाठायचं होतं. शेवटी मालन स्वतः शालू सावरत मांडवामागं गेली. गुंडू भाताच्या चुलीवर मोठं पातेलं ठेवून फुंकर घालत होता.

"गुंडू, मुहूर्त टळतोय. येतोस का?"

"अजून कोमटच हाय, मालन. कोमट पाण्यात मऊ होत न्हाई."

"पाणी राहू दे. नुसता चल माझ्याबरोबर."

"तसं सुकं ओढलं तर बोंड आत राहतं," गुंडू काकुळतीनं म्हणाला. "मला तू मोडायला नकोयस."

मालनच्या डोळ्यांत पाणी आलं. धूर फार होता म्हणा हवं तर. तिनं चुलीत एक लाकूड सारलं, म्हणजे त्याचं पाणी लवकर तापेल, आणि ती मांडवात परत गेली.

तानाजी होता तिथंच उभा होता. त्यानं गळ्यातला हार अजून काढला नव्हता. त्याला तशी घाई दिसत नव्हती.

"काय करायचं, पोरी?" भटजींनी विचारलं.

मालननं एकदा मांडवामागं निघणाऱ्या धुराकडं पाहिलं. मग म्हणाली, "चला."

गुंडू आला तेव्हा सप्तपदी उरकून पंगती बसल्या होत्या. मालन आणि तानाजी शेजारी शेजारी बसून जिलेबी खात होते. छबू मात्र गळ्यातला हार सावरत खुर्चीवर वाट बघत बसली होती. तिला गुंडू बरा वाटला असावा. तिनं त्याला अजून काम करताना नीट पाहिलं नव्हतं.

गुंडूनं वाफाळतं पातेलं मामांच्या पाटासमोर ठेवलं. घाम पुसला.

"तापलं, मामा. चांगलं कडकडीत. आधी कुणाची मान?"

मामांनी पातेल्याकडं पाहिलं. मालनकडं पाहिलं. आपल्या बहिणीच्या लेकाकडं पाहिलं. आणि स्वतःचीच मान पुढं केली.

पण गुंडू आता पहिल्यासारखा अडाणी राहिला नव्हता. त्यानं आधी विचारलं.

"मामा, तुम्ही कशाचे?"

मामा काही बोलले नाहीत.

गुंडूनं खिशातून टाचणी काढली.